परदेशात ख्रिस्ती स्वयंसेवक शिक्षक म्हणून राहताना: होकारापासून निरोपापर्यंत कामाचा क्रम

मंडळीच्या किंवा मिशन संस्थेच्या वतीनं परदेशातल्या शाळेत विनामोबदला शिकवायला जाणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवायला लागायचं. पोहोचल्या-पोहोचल्या वर्ग ताब्यात घ्यायचा. पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी फीचा शब्द द्यायचा. रविवारभर उपासनेच्या कामात राबून सोमवारी तसंच शाळेत उभं राहायचं. यातलं काहीही वाईट मनानं होत नाही. कामांचा क्रम चुकतो म्हणून होतं.

हा लेख सहा महिने ते दोन वर्षं राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. दोन-तीन आठवड्यांच्या भेटीवर जाणाऱ्यांनी स्वतंत्र वर्ग घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली मदत करावी. बाकीच्यांनी प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एक प्रश्न विचारायचा: मी गेल्यावर हे चालू राहील का? उत्तर 'नाही' आलं की ते काम सुरू करण्याआधी थांबा.

टप्पा १: होकार देण्याआधी लेखी पत्र

"या, इथे खूप गरज आहे" एवढ्यावर निघू नका. बोलावणाऱ्या शाळेकडून पत्र मागा आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते पाहा:

१. कोणत्या इयत्ता, कोणते विषय, आठवड्याला किती तास.
२. शाळेत तुम्ही कोणाला जबाबदार, आणि अडचण आली तर कोणाकडे जायचं.
३. राहणं, जेवण, रोजचा प्रवास यांचा खर्च कोणाचा.
४. आजारपण, रजा, आणि मुदतीआधी परतावं लागलं तर काय.
५. शाळेबाहेर मंडळीचं कोणतं काम अपेक्षित आहे: संडे स्कूल, तरुण संघ, गायन, घरभेटी.

पाचवा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो. शाळा वीस तास सांगते, पाळकसाहेब आणखी पंधरा गृहीत धरतात, आणि दोघांनी एकमेकांशी बोललेलंच नसतं. पुढची भांडणं आणि थकवा इथून सुरू होतो. शाळा आणि मंडळी वेगळ्या असतील तर दोघांना एकाच पत्रावर सही करायला सांगा.

शाळेला आणखी एक प्रश्न विचारा: माझ्या येण्यानं एखाद्या स्थानिक शिक्षकाची पगारी जागा जाते का? फुकट शिक्षक मिळाला की पैसे वाचवण्याचा मोह कुठल्याही शाळेला होऊ शकतो. तसं असेल तर सहशिक्षक म्हणून येतो म्हणा, नाहीतर नम्रपणे नकार द्या. सेवेच्या नावाखाली कुणाची भाकरी जाणार असेल, तर ती सेवा मला पटत नाही.

सावधान, व्हिसा: पगार नाही म्हणजे ते 'काम' नाही, ही समजूत चुकीची आहे. अनेक देशांत विनावेतन शिकवणंही कामातच मोजलं जातं आणि पर्यटक व्हिसावर ते बेकायदा ठरतं. "सगळे असंच करतात" असं बोलावणारे सांगत असतील तरीही त्या देशाच्या दूतावासाकडून योग्य प्रकार लेखी विचारून घ्या. पकडले गेलात तर तुम्ही परत याल. शाळेमागची चौकशी तिथेच राहील. अर्जात येण्याचं कारण खरं लिहा. धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असलेल्या देशात शिक्षक म्हणून जाऊन प्रवचनं करणं हेही नियमाचं उल्लंघन होऊ शकतं.

कागदपत्रांत तीन गोष्टींना वेळ लागतो, म्हणून त्या आधी हातात घ्या. पासपोर्ट: पोहोचण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने तो वैध असावा, अशी अट अनेक देशांची असते. पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र: मुलांसोबत काम करणार असाल तर शाळेनं मागितलं नाही तरी ते न्या. पदवी आणि अनुभवाच्या प्रमाणपत्रांचं प्रमाणीकरण: १९६१ च्या हेग करारातल्या देशांत सहसा अपोस्टिल (कागद खरा असल्याचं आपल्या सरकारनं जोडलेलं प्रमाणपत्र) चालतं, इतर ठिकाणी दूतावासाचा शिक्का लागतो.

तपासणी: पासपोर्ट, पदवी, पोलीस प्रमाणपत्र आणि व्हिसा अर्ज या चारही कागदांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का? बाप्तिस्म्याचं नाव एकीकडे आणि शाळेतलं नाव दुसरीकडे असेल तर आधी ते निस्तरा.

टप्पा २: शरीराची तयारी

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा. काही लशींना एकापेक्षा जास्त मात्रा लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. पीतज्वराची लस लागू असेल तर तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं. टायफॉइड, हिपॅटायटिस अ, धनुर्वात आणि गावाकडे राहणार असाल तर रेबीज, यांबद्दल विचारा. रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी कुत्रा चावल्यावर जखम साबण आणि पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावाच लागतो.

नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. झोपेच्या, वेदनेच्या किंवा मानसिक आजारांच्या काही गोळ्यांवर काही देशांत बंदी असते; त्याची चौकशी आधी करा.

विमा घेताना दोन ओळी शोधा: आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि स्वयंसेवेचं काम करतानाचा अपघात त्यात बसतो का. साध्या पर्यटक विम्यात दुसरी गोष्ट अनेकदा नसते.

टप्पा ३: पहिले दोन आठवडे शिकवू नका

हा सल्ला लोकांना सगळ्यात जड जातो. इतक्या लांबून आलो, मुलं वाट बघतायत आणि मागच्या बाकावर बसायचं? हो, बसायचं. जी शाळा तुम्हाला पहिल्याच दिवशी साठ मुलांसमोर उभं करते, तिला विनंती करा की पहिले दोन आठवडे निरीक्षणाचे असू द्या. शक्यतो हेही टप्पा १ च्या पत्रात आधीच लिहून घ्या.

या काळातली कामं या क्रमानं करा.

पहिल्या तीन दिवसांत जगण्याची सोय लावा. फोन चालू करणं, राहत्या जागेची नोंदणी लागत असेल तर ती, आपल्या देशाच्या दूतावासात नाव नोंदवणं, जवळचा दवाखाना स्वतः चालत किंवा गाडीनं जाऊन पाहणं. रात्री अकराला ताप चढला तर कुठे जायचं आणि कोण नेईल, याचं उत्तर तिसऱ्या दिवसापर्यंत तुमच्याकडे हवं. पिण्याच्या पाण्याचीही सोय पाहा: खात्रीचं नसेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरपेक्षा उंच जागी तीन मिनिटं उकळायचं.

त्यानंतर माणसं. मुख्याध्यापक, पाळक, शाळेचा शिपाई, स्वयंपाक करणाऱ्या बाई, शेजारी, गावातले वडीलधारे. कोणाला आधी भेटायचं याचा त्या जागेचा एक मान असतो; तो यजमानांना विचारा आणि तसंच करा. भेटीला जाताना सोबत स्थानिक माणूस असू द्या.

मग वर्ग. रोज वेगवेगळ्या शिक्षकांच्या तासाला मागे बसा. वहीत तीनच गोष्टी लिहा: शिक्षक मुलांना कसं हाक मारतात, मुलं कशी उत्तर देतात (उभं राहून, एकसुरात, की गप्प राहून), आणि तासात खरोखर किती मिनिटं लिहिणं-वाचणं होतं. शिक्षकाच्या चुकांची यादी करू नका. ती वही कुणाच्या तरी हाती लागतेच.

भाषा याच दिवसांपासून सुरू करा. नमस्कार, आभार, माफी, अंक, "हळू बोला", "पुन्हा सांगा", "तुझं नाव काय", "उघडा", "बंद करा", "ऐका". रोज दहा शब्द पुष्कळ झाले. शाळेचं माध्यम इंग्रजी असलं तरी ही मेहनत चुकवू नका. पटांगणात आणि घरी मुलं ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत तुम्ही अडखळत का होईना बोलायला लागलात, की वर्गात त्यांचीही अडखळण्याची भीती कमी होते.

तपासणी: दोन आठवड्यांनंतर तुमच्या वर्गातल्या किमान निम्म्या मुलांना तुम्ही नावानं हाक मारू शकता का? नसेल तर आणखी चार दिवस मागे बसा.

टप्पा ४: दिवसाची घडी

परदेशात पहिली मोडते ती दिनचर्या. वीज कधी येते-जाते, पाणी कधी भरायचं, शाळेला पोहोचायला किती वेळ लागतो हे कळेपर्यंत दिवस हातातून निसटत राहतो. म्हणून पहिल्या महिन्यात दिवसाच्या चार जागा पक्क्या करा आणि बाकी सगळं हलू द्या.

पहिली जागा सकाळची. वचन वाचणं आणि एकांतातली प्रार्थना शाळेच्या घंटेआधी आणि घरातली माणसं उठण्याआधी करा. यजमान कुटुंबात राहत असाल तर कुटुंबाची एकत्र प्रार्थनाही असेल. तिला हजर राहा, पण तिच्यावर आपला एकांत भागवू नका. तिथली भाषा अजून समजत नसते आणि मन कोरडं राहतं. आपल्या भाषेतलं पवित्र शास्त्र छापील स्वरूपात सोबत न्या. फोनची बॅटरी नेमकी पहाटेच संपलेली असते. काही देशांत धार्मिक पुस्तकं आणण्यावर बंधनं असतात, तेवढं आधी पाहा.

दुसरी जागा शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासाची. घरी पोहोचण्याआधी, शाळेतच बसून, आज काय झालं आणि उद्या काय, हे लिहायचं. रात्री लिहीन म्हणणारे लिहीत नाहीत.

तिसरी जागा पाठटाचणाची. दिवस मावळण्याआधी, उजेड असताना. उद्याच्या प्रत्येक तासाला एक पान.

चौथी जागा झोपेची. मच्छरदाणी लावणं, पाणी भरून ठेवणं, दाराची कडी पाहणं आणि ठरलेल्या वेळी दिवा मालवणं. मायदेशाशी वेळेचा फरक असेल तर घरच्यांचे फोन मध्यरात्रीपर्यंत लांबतात. आठवड्यातले दोन ठरावीक वार आणि ठरावीक वेळ घरच्यांना आधीच कळवा. रोज तासभर घरी बोलणारा माणूस शरीरानं परदेशात आणि मनानं घरी राहतो. हे दोघांनाही थकवतं.

मधल्या वेळेत लोक येतील, बोलावतील, जेवायला थांबवतील. त्यांना वेळ द्या. चार जागा पक्क्या असल्या की बाकीचा दिवस मोकळ्या मनानं लोकांना देता येतो.

सावधान: यजमानांच्या घरात राहणं हा त्यांच्यावर खर्च आणि कष्ट दोन्ही असतो. घरातलं एक काम पहिल्याच आठवड्यात विचारून अंगावर घ्या, आणि ते शेवटपर्यंत करा. वेगळं जेवण, जास्त पाणी, रात्री दिवा अशा मागण्या वाढवत नेऊ नका.

टप्पा ५: वर्ग

आधी पातळी तपासा. पाचवीच्या वर्गात पाचवीचं पुस्तक उघडून सुरुवात करणं ही नव्या स्वयंसेवकाची सगळ्यात महाग चूक. आपल्याकडच्या 'प्रथम' संस्थेनं वापरात आणलेली पद्धत साधी आहे आणि इतर देशांतही ती चालली आहे: प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या क्रमानं वाचायला द्यायचं आणि मूल जिथे अडतं ती त्याची पातळी. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. हे मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत करा आणि स्थानिक शिक्षकाला सोबत घ्या. निकाल वर्गात वाचून दाखवू नका.

मग तासाची बांधणी. चाळीस मिनिटांचा तास असेल तर साधारण असा:

१. पाच मिनिटं: कालच्या धड्यातले दोन-तीन प्रश्न. फळ्यावर लिहा, मुलं वहीत उत्तर लिहितील.
२. दहा मिनिटं: एकच नवी गोष्ट. दोन नाहीत.
३. पंधरा मिनिटं: मुलांचा सराव, जोडीनं किंवा चौघांच्या गटात. तुम्ही बाकांमधून फिरायचं, फळ्याजवळ उभं राहायचं नाही.
४. सात मिनिटं: चार-पाच मुलांकडून उत्तरं. हात वर करणारी तीच ती मुलं सोडून इतर.
५. तीन मिनिटं: आज काय शिकलो, हे एका मुलानं आपल्या भाषेत सांगायचं.

पाचवी पायरी गाळू नका. मुलानं आपल्या भाषेत सांगितलं की स्थानिक शिक्षक तुम्हाला सांगू शकतो की ते खरंच कळलंय की नुसतं घोकलंय. मुलांना घरच्या भाषेचा आधार मिळावा ही युनेस्कोची भूमिका १९५३ पासूनची आहे. तरीही "वर्गात फक्त इंग्रजी" अशी पाटी लावणारे स्वयंसेवक अजून भेटतात.

प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच वाट पाहतात, आणि ती वाट तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. परकी भाषा असेल तर मी पाच सेकंद म्हणेन. मनातल्या मनात मोजा.

साधनं तिथलीच. खडे, काड्या, बिया, जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठे. प्रोजेक्टर आणि रंगीत कार्डांचे गठ्ठे घेऊन जाऊ नका. तुमची कार्डं संपली की स्थानिक शिक्षकाला वाटतं, साधनांशिवाय असं शिकवता येत नाही. खडे संपत नाहीत.

भाषा शिकवत असाल तर जेम्स अ‍ॅशर यांनी रूढ केलेली कृतीतून प्रतिसादाची पद्धत पहिल्या महिन्यात फार उपयोगी पडते: शिक्षक "उभे राहा, दाराकडे जा, वही उघडा" असं म्हणत स्वतः करतो, मुलं करतात, आणि बोलणं नंतर येतं. पुस्तक, वीज, छपाई, काहीच लागत नाही.

स्थानिक शिक्षक वर्गात राहिला पाहिजे. तुम्ही वर्गात शिरलात की तो शिक्षकखोलीत जाऊन बसतो, ही खूण धोक्याची आहे. तुमचा वर्ग कितीही रंगला तरी तुमच्यासोबत तो संपणार. पाठटाचण दोघांनी मिळून करा. पहिल्या महिन्यात तुम्ही शिकवा आणि तो मदत करेल. तिसऱ्या महिन्यापासून तो शिकवेल आणि तुम्ही मदत कराल. मुलांसमोर त्याला कधीही दुरुस्त करू नका, त्याच्या इंग्रजीला तर मुळीच नाही.

सावधान, छडी: सहकारी मुलांना मारत असतील तर काय करायचं, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकासमोर येतो. तुम्ही स्वतः कधीही मारायचं नाही आणि "जा, अमुक सरांकडे" म्हणून मूल मारायला पाठवायचंही नाही. मुलांसमोर त्या शिक्षकाशी वाद घालू नका. तास संपल्यावर एकट्याला भेटा, शिस्तीची दुसरी रीत तुमच्या वर्गात दाखवा, आणि मारहाण गंभीर असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. सवयीची छडी बदलायला वेळ लागतो, पण दुखापत झालेलं मूल त्या वेळेची वाट पाहू शकत नाही.

टप्पा ६: श्रद्धा आणि वर्ग यांची सीमा

माझ्या दृष्टीनं हा लेखाचा गाभा आहे. तुम्ही ख्रिस्ती आहात हे लपवण्याची गरज नाही. मात्र तासातला वेळ, तुमच्या हातातले गुण आणि मुलांचा तुमच्यावरचा विश्वास ही तुम्हाला शिकवण्यासाठी दिलेली ठेव आहे. ती सुवार्तेच्या नावानंही दुसरीकडे वापरता येत नाही.

काम या क्रमानं करा:

१. कायदा जाणून घ्या. काही देशांत धर्मप्रचारावर थेट बंदी आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ कुणाचंही धर्मांतर करण्याला मनाई करतं आणि तिथे तो शिक्षापात्र गुन्हा आहे. अशा ठिकाणी तुमच्या उत्साहाची किंमत स्थानिक विश्वासणारे भरतात.

२. शाळेचं धोरण विचारा. ख्रिस्ती शाळेत परिपाठाला प्रार्थना असेल, सरकारी शाळेत नसेल. दुसऱ्या धर्माची मुलं शाळेत असतील तर त्यांच्या पालकांना प्रार्थनेची माहिती आहे का, हे मुख्याध्यापकांकडून कळून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १४ मुलाचं विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य मान्य करतं आणि त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्कही.

३. मदत आणि उपासना वेगळी ठेवा. वही, खाऊ, शिकवणी, औषध यांतलं काहीही उपासनेला येण्यावर अवलंबून ठेवू नका. "रविवारी या, मग वह्या वाटू" हे वाक्य एकदाही तोंडातून जाऊ नये. भुकेल्या मुलाचा होकार हा होकार नसतो.

४. प्रश्न आला तर उत्तर द्या. "तुम्ही इथे का आलात?" असं मोठं माणूस विचारेल तेव्हा सरळ, थोडक्यात, खरं सांगा. १ पेत्र ३:१५ मध्ये आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलं आहे, आणि ते सौम्यतेनं व आदरानं. तिथे आधी कुणीतरी विचारतं, ही गोष्ट वाचताना सुटते. लहान मुलानं तासात विचारलं तर एका वाक्यात उत्तर देऊन धड्याकडे वळा. त्याला अधिक जाणून घ्यायचं असेल तर पालकांना विचारून यायला सांगा.

तपासणी: तुमचा तास दुसऱ्या धर्माचे पालक दारात उभे राहून ऐकत असते, तर तुम्ही एखादं वाक्य गाळलं असतं का? गाळलं असतं, तर ते आजही गाळा.

मंडळीत पहिले तीन महिने मागे बसा. उपासनेची पद्धत, गाणी, लांबी, स्त्री-पुरुषांच्या बसण्याची रीत वेगळी असेल. "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य मनातच ठेवा. परदेशी पाहुणा म्हणून लगेच वचन सांगायला उभं करतील. साक्ष द्या, दोन मिनिटांत बसा.

टप्पा ७: मुलांची सुरक्षा

इथे अपवाद नाहीत. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही. शिकवणी उघड्या दारात किंवा व्हरांड्यात. मूल मुक्कामाला तुमच्या खोलीत नाही. विद्यार्थ्याशी खाजगी संदेश नाहीत. एकाच मुलाला गुपचूप भेटवस्तू नाही. शाळेला बालसुरक्षेचं लेखी धोरण नसेल तर ते करून घ्यायला सुचवा आणि तोवर पाठवणाऱ्या संस्थेचं धोरण पाळा.

फोटोंबद्दल स्वयंसेवक फार ढिले असतात. मुलाचा चेहरा, नाव, गाव आणि त्याची गरिबी हे चार तपशील एकत्र कधीही टाकू नका. पालकांची समजून दिलेली संमती हवी, आणि संमती असली तरी तुमच्या मंडळीला पाठवायच्या पत्रात फाटक्या कपड्यातलं मूल नको. मायदेशातल्या आपल्या भाचीचा असा फोटो कुणी छापला तर चालेल का, हे स्वतःला विचारा.

मुलानं मारहाणीची किंवा छळाची गोष्ट सांगितली तर ऐका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, खोदून प्रश्न विचारू नका, त्याच दिवशी त्याचेच शब्द लिहून नेमलेल्या व्यक्तीकडे द्या.

टप्पा ८: पैशाच्या मागण्या

मागण्या येणारच: फी, औषध, छप्पर, अंत्यविधी. मागणारे बहुतेक खरंच अडचणीत असतात. पहिले तीन महिने स्वतःच्या हातानं रोख देऊ नका. मागणी ऐका, मुख्याध्यापक किंवा मंडळीच्या समितीपुढे ठेवा, आणि द्यायचं ठरलं तर समितीमार्फत, पावतीसह द्या. जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी दवाखाना.

दान गुप्तपणे करावं हे मत्तय ६ मधलं सांगून काही जण परस्पर पैसे देतात. तिथला रोख दिखाव्यावर आहे. वर्गणीचे पैसे हाताळताना कुणालाही बोट ठेवायला जागा राहू नये, याची पौलानं किती काळजी घेतली ते २ करिंथ ८:२०-२१ मध्ये आहे. दोन्ही उतारे एकत्र वाचा.

"तुझं पुढचं शिक्षण मी करीन" असा शब्द कधीही देऊ नका. मूल त्यावर आयुष्याचा बेत आखतं. पाठिंबा देणाऱ्या मंडळीला दर महिन्याला एक पान हिशेब आणि एक पान बातमी पाठवा, त्यात अडचणीही लिहा.

टप्पा ९: थकवा ओळखा

मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये परक्या संस्कृतीत येणारा क्रम मांडला: आधी सगळं छान वाटतं, मग सगळं खटकतं, मग हळूहळू जमतं. प्रत्येकाचं अगदी असंच होत नाही, पण दुसरा टप्पा अनेकांना येतो आणि ख्रिस्ती स्वयंसेवक त्याला विश्वासाची उणीव समजून लपवतात. तो श्रद्धेचा पराभव नाही. झोप उडणं, सतत चिडणं, लोकांना टाळणं, प्रार्थनेत बसवेनासं होणं हे दोन आठवडे टिकलं तर संस्थेतल्या जबाबदार माणसाला सांगा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला.

रविवार हा तुमच्या विश्रांतीचा दिवस नाही. उपासना, संडे स्कूल, भेटी यांत तो जातो. आठवड्यात दुसरा अर्धा दिवस तरी पूर्ण मोकळा ठेवा आणि पाळकांना तो आधी सांगा. मार्क ६:३१ मध्ये प्रभू शिष्यांना एकांती येऊन विसावा घ्यायला सांगतो, तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती. काम संपल्यावर विसावा घ्या, असं तिथे म्हटलेलं नाही.

टप्पा १०: निरोपाची तयारी

निघण्याच्या दोन महिने आधी सुरू करा.

१. मुलांना तारीख सांगा आणि दर आठवड्याला आठवण करा. शेवटच्या दिवशी अचानक सांगून रडारड घडवू नका. "लवकरच परत येईन" म्हणू नका, तिकीट हातात असल्याशिवाय.
२. शेवटच्या महिन्यात तुमचे सगळे तास स्थानिक शिक्षकानं घ्यावेत. तुम्ही पुन्हा मागच्या बाकावर.
३. पाठटाचणं, मुलांच्या पातळीच्या नोंदी आणि साधनं कशी बनवायची याचं एक पान, त्याला समजेल त्या भाषेत द्या.
४. उधारी, घरमालक, फोन, बँक, राहण्याची नोंदणी यांचा हिशेब मिटवा.
५. ज्यांच्याशी खटके उडाले त्यांना भेटून या.

परतल्यावर मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या. औषधानुसार ही मुदत आठवडाभर ते चार आठवडे असते. त्यानंतर काही महिन्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरांना "मी अमुक देशात राहून आलो आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. मंडळीत अहवाल देण्याचं आमंत्रण लगेच येईल. तीन आठवड्यांनंतरची तारीख मागा. बोलताना तिथल्या शिक्षकांची कामं आधी सांगा, आणि ज्यांचं नाव घ्यायचं त्यांना आधी विचारा.